स्मरणिका, दरपत्रक आणि बंद होऊ घातलेले पब्लिशर

वाचकाचे पत्र, थोडक्यात: ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या एका गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्या ४९ वर्षांच्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. वागळे इस्टेटमधील एका लहान कारखान्याच्या कार्यालयात त्या नोकरी करतात आणि गेली १४ वर्षे तेथील दरपत्रके, सूचनाफलक आणि दिवाळीची शुभेच्छापत्रे मायक्रोसॉफ्ट पब्लिशर या पानांची मांडणी करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः तयार करतात. पब्लिशर बंद होणार असल्याचे त्यांना नुकतेच कळले. त्याच सुमारास त्यांच्या गृहनिर्माण संस्थेला २५ वर्षे पूर्ण होत असल्याने ४८ पानांची स्मरणिका काढायचे ठरले आणि ‘तुम्हाला हे येतेच’ असे म्हणून समितीने ते काम त्यांच्याकडे सोपवले. प्रकाशन पाच महिन्यांवर आहे. आजवर संस्थेचे अहवाल आणि निमंत्रणे नौपाड्यातील एक डीटीपीवाले (संगणकावर छपाईची पाने लावून देणारे) काका करून देत असत. खर्च वाचावा म्हणून या वेळी त्यांच्याकडे जायचे नाही, असे समितीचे म्हणणे आहे. मुलगा कॅन्व्हा हे इंटरनेटवर चालणारे डिझाइनचे सॉफ्टवेअर वापरायला सांगतो, भाची स्क्रायबस सुचवते, कार्यालयातील वरिष्ठ म्हणतात की शिकायचेच तर व्यावसायिक लोक वापरतात तेच शिका, आणि स्टेशनजवळच्या एका क्लासने तीन महिन्यांचा अभ्यासक्रम गळ्यात घालायचे ठरवले आहे. घरी आणि कामावर दोन्हीकडे चालेल असे एकच सोपे सॉफ्टवेअर कोणते, या वयात ते जमेल का, आणि काकांच्या पोटावर आपण पाय तर देत नाही ना, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. ‘मला डिझाइनमधले काही कळत नाही’ हे वाक्य तुम्ही त्यात तीन वेळा लिहिले आहे आणि ते मला अजिबात पटलेले नाही, म्हणून उत्तराची सुरुवात तेथूनच करते. डेस्कटॉप पब्लिशिंग, म्हणजेच डीटीपी, हा शब्द रूढ झाला तो १९८५ च्या सुमारास, जेव्हा ॲपलचा मॅकिंटॉश संगणक, लेझर प्रिंटर, ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा आणि आल्डस कंपनीचे पेजमेकर ही चार साधने एकत्र आली आणि छापखान्यात खिळे जुळवून होणारी पानाची मांडणी एका टेबलावर होऊ लागली. आल्डसचे संस्थापक पॉल ब्रेनर्ड यांनी त्या कामाला हे नाव दिले. या सगळ्याच्या मुळाशी असलेली कल्पना साधी आहे: पान म्हणजे कोरी जागा, तिच्यावर मजकुराच्या आणि चित्रांच्या चौकटी ठेवायच्या, त्या एकमेकींच्या रेषेत आणायच्या आणि एका चौकटीत न मावलेला मजकूर पुढच्या चौकटीत वाहू द्यायचा. १९९१ मध्ये आलेल्या पब्लिशरने हीच कल्पना तयार नमुन्यांच्या आधाराने सामान्य कार्यालयात पोहोचवली. तुम्ही १४ वर्षे हेच करत आला आहात. ज्या बाईने दर दोन महिन्यांनी बदलणारे दरपत्रक ओळीत बसवले आहे, तिला समास, रकाने आणि मोकळी जागा यांची जाण नाही, असे मी मानणार नाही. त्यामुळे वयाचा प्रश्न मी बाजूला ठेवते. तुम्हाला नवीन विद्या शिकायची नसून ओळखीच्या कामाची बटणे नव्या जागी शोधायची आहेत, आणि त्याला काही आठवडे लागतात.

आता तुमच्या मुख्य प्रश्नातील एका गृहीताकडे वळू. घरी आणि कामावर एकच सॉफ्टवेअर असावे, हे तुम्ही धरून चालला आहात. पुरणाचे पातेले आणि पोळीचा तवा एकच असावा असा आग्रह आपण स्वयंपाकघरात धरत नाही, कारण दोघांचे काम वेगळे असते. तुमचे दरपत्रक वारंवार बदलते, कार्यालयातील प्रिंटरवर छापले जाते किंवा ईमेलने जाते, आणि तुम्ही रजेवर असताना दुसऱ्या कोणाला तरी त्यातला एखादा आकडा बदलावा लागतो. स्मरणिका मात्र एकदाच निघते, छापखान्यात जाते, तिच्यात लांब लेख असतात, पन्नासेक छायाचित्रे असतात आणि जाहिराती असतात, आणि छापून झाल्यावर तिच्यातील चूक कायमची राहते. म्हणून सॉफ्टवेअर निवडण्याआधी प्रत्येक कामाला दोन प्रश्न विचारावेत: हा कागद शेवटी कोठे जाणार आहे, आणि माझ्यानंतर ही फाइल कोण उघडणार आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निवड बरीचशी आपोआप होते. हे मी तुमच्याप्रमाणेच ‘सगळ्यांत सोपे कोणते’ असे विचारणाऱ्या इतर वाचकांसाठीही लिहीत आहे.

कार्यालयाचे काम आधी संपवू, कारण ते सोपे आहे. मायक्रोसॉफ्टने जाहीर केल्याप्रमाणे ऑक्टोबर २०२६ मध्ये पब्लिशरचा पाठिंबा संपतो. ज्यांच्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ चे वर्गणीचे खाते आहे, त्यांना त्यानंतर पब्लिशरमध्ये फाइल उघडता किंवा बदलता येणार नाही. ज्यांनी एकरकमी परवाना घेतलेला आहे, त्यांच्या संगणकावर ते चालत राहील, परंतु सुधारणा मिळणार नाहीत. तुमच्या कारखान्याकडे यांपैकी काय आहे, हे संगणकाची देखभाल करणाऱ्या माणसाला विचारून घ्या, कारण तुमच्याजवळ किती वेळ आहे हे त्यावरच ठरते. उत्तर काहीही आले तरी चालू वापरातील प्रत्येक फाइल आताच पीडीएफ म्हणून जतन करा आणि तिच्यातील मजकूर वर्डच्या एका वेगळ्या फाइलमध्ये उतरवून ठेवा. पीडीएफमुळे पान कसे दिसत होते हे राहते आणि वर्डमुळे शब्द हाताशी राहतात. लिब्रेऑफिसमधील ड्रॉ हा विनामूल्य कार्यक्रम पब्लिशरच्या फाइली उघडतो, पण चौकटी थोड्या सरकतात आणि फॉन्ट बदलू शकतात, त्यामुळे त्याच्याकडे शेवटचा आधार म्हणून पाहावे. दरपत्रकासाठी माझे मत स्पष्ट आहे: ते वर्डमध्ये तक्ता करून बसवा. दिसायला ते पब्लिशरइतके नेटके होणार नाही, पण कार्यालयातील कोणालाही उघडता येईल, आणि दरपत्रकात देखणेपणापेक्षा वेळेवर बदललेल्या आकड्याला अधिक किंमत असते. सूचनाफलक आणि शुभेच्छापत्रे कॅन्व्हात करा. त्या कामासाठी तुमच्या मुलाचे म्हणणे अगदी बरोबर आहे.

स्मरणिकेचे मात्र सावकाश पाहिले पाहिजे.

एक मोह तुम्हालाही झालाच असेल: कार्यालयातील पब्लिशरवरच ही ४८ पाने लावून मोकळे व्हावे. हात बसलेला आहे, काम लवकर होईल. तरीही मी तसे सुचवणार नाही. कारखान्याच्या संगणकावर आणि परवान्यावर संस्थेचे काम करायचे तर मालकांची परवानगी हवी, आणि तुमच्या संस्थेच्या तिसाव्या वर्षी जी समिती असेल, तिला ही फाइल उघडताच आली नाही तर तेव्हाच्या संपादकाला सगळे पुन्हा टाइप करावे लागेल.

कॅन्व्हात मुखपृष्ठ, निमंत्रण आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे कार्ड उत्तम होते. नमुने तयार असतात, मराठी फॉन्ट मिळतात आणि समितीतील चार जणांना एकच पान एकाच वेळी पाहता येते. अडचण येते ती लांब लेखांत. संस्थेच्या पहिल्या अध्यक्षांनी लिहिलेला पाच पानांचा लेख घ्या. त्याचा मजकूर पानामागून पान आपोआप वाहत जावा अशा कामासाठी कॅन्व्हा घडवलेले नाही. तुम्हाला तो हाताने तोडून प्रत्येक पानावर चिकटवावा लागतो, आणि मग अध्यक्षांनी दुसऱ्या परिच्छेदात दोन वाक्ये वाढवली की पुढची सगळी पाने पुन्हा जुळवावी लागतात. अध्यक्ष वाक्ये वाढवतातच. शिवाय छापखान्याला लागणाऱ्या चार शाईंच्या रंगांत फाइल उतरवून घेण्याचा पर्याय तेथे सशुल्क खात्यात आहे, हेही हिशेबात धरा.

स्क्रायबस हे २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुरू झालेले मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे, विनामूल्य आहे आणि नेमके छापील पानांसाठीच आहे. जोडलेल्या चौकटी, प्रत्येक पानावर आपोआप येणारा पृष्ठक्रमांक, परिच्छेदांच्या ठरवून ठेवलेल्या शैली आणि छापण्यापूर्वी चुका दाखवणारी तपासणी, हे सगळे त्यात आहे, आणि यांपैकी बहुतेक गोष्टी तुम्ही पब्लिशरमध्ये वापरलेल्या असल्यामुळे भाचीचा सल्ला तुमच्या बाबतीत मला वरवर दिसतो त्याहून शहाणपणाचा वाटतो. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा. स्क्रायबसच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये देवनागरी नीट जुळत नसे. वेलांट्या भलत्या जागी जात आणि जोडाक्षरे फुटत. २०२४ च्या आरंभी आलेल्या १.६ या स्थिर आवृत्तीत ती अडचण दूर झालेली आहे, तेव्हा कोणी पेन ड्राइव्हवरून जुनी प्रत देऊ लागले तर ती घेऊ नका. त्याचा चेहरा रुक्ष आहे आणि पहिले दोन शनिवार तुम्ही वैतागाल, हेही आताच सांगून ठेवते.

वरिष्ठांनी सुचवलेले, म्हणजे बहुधा ॲडोबीचे इनडिझाइन, हे समर्थ सॉफ्टवेअर आहे. पण त्याची वर्गणी चालू ठेवावी लागते आणि मराठीसाठी त्यातील वर्ल्ड-रेडी कंपोझर हा अक्षरे जुळवण्याचा पर्याय निवडला नाही तर अक्षरे विस्कटतात. एका स्मरणिकेसाठी ते घेऊ नये. चोरीच्या प्रतीचा तर विचारही नको.

येथपर्यंत मी तुमच्या प्रश्नाच्या चौकटीत राहिले. परंतु माझ्या मते तुमच्या स्मरणिकेचे बरेवाईट सॉफ्टवेअरपेक्षा मराठी मजकूर कोणत्या रूपात जमा होतो यावर अधिक ठरेल. हा भाग थोडा विस्ताराने लिहिते, कारण मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी भोवतो आणि इंग्रजी मार्गदर्शनात तो सापडत नाही.

आपल्याकडे डीटीपीची दुकाने उभी राहिली तेव्हा संगणकाला देवनागरी समजत नव्हती. म्हणून श्रीलिपीसारख्या संचांतील फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रे बसवलेली असत. पडद्यावर ‘क’ दिसे, पण संगणकाच्या लेखी ते दुसरेच एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असे. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही, तेथे तोच मजकूर निरर्थक रोमन अक्षरांची रास म्हणून उघडतो. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे फॉन्ट बदलला तरी शब्द शाबूत राहतो. आज तुम्ही फोनवर टाइप करता तो मजकूर युनिकोडच असतो. या दोन पद्धती एकमेकींत थेट मिसळत नाहीत. अनेक जुन्या दुकानांत अजूनही पेजमेकर वापरात आहे, आणि २००१ मध्ये आलेली त्याची ७.० ही शेवटची मोठी आवृत्तीदेखील युनिकोड ओळखत नाही. सभासदांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले लेख अशा दुकानात गेले की ते रूपांतरक वापरून बदलावे लागतात किंवा पुन्हा टाइप करावे लागतात, आणि तेथेच चुका शिरतात.

मी स्वतः एकदा हे भोगले आहे. काही वर्षांपूर्वी एका मंडळाच्या वार्षिकांकाचे मुद्रितशोधन मी केले होते. प्रूफ निर्दोष होते. नंतर छापखान्यात शेवटच्या दिवशी एक श्रद्धांजलीचे पान बदलले गेले, रूपांतर करताना काही जोडाक्षरे गळाली, आणि दिवंगत गृहस्थांचे आडनावच चुकीचे छापले गेले. त्यांच्या पत्नीने अंक हातात घेतला तेव्हा मी समोर होते. तेव्हापासून रूपांतर झालेले प्रत्येक पान, मग ते आधी कितीही वेळा वाचलेले असो, मी पहिल्यापासून वाचते, आणि नावांची यादी वेगळी काढून दुसऱ्या माणसाकडून मूळ कागदाशी ताडून घेते.

म्हणून तुम्हाला पहिली सूचना ही की सॉफ्टवेअर उघडण्याआधी संपूर्ण मजकूर युनिकोडमध्ये, एका लेखाला एक अशा वर्ड फाइलींमध्ये, कोणतीही सजावट न करता जमा करा आणि त्याचे शुद्धलेखन तेथेच पूर्ण करा. हे एवढे झाले तर उद्या तुम्ही स्क्रायबस निवडा, काकांकडे जा किंवा आणखी कोणाकडे, श्रम वाया जात नाहीत. दुसरी सूचना फॉन्टबद्दल. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या गटाने केलेला मुक्ता हा विनामूल्य फॉन्ट सात जाडींमध्ये मिळतो आणि शीर्षकांना चांगला दिसतो. लांब लेखांसाठी तिरो देवनागरी मराठी पाहा, त्याची ठेवण खास मराठीसाठी आहे. मराठीसाठी वेगळी ठेवण लागते, कारण आपला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हिंदीतील रूपांहून निराळे असतात, आणि राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयानेही मराठीसाठी हीच रूपे सांगितली आहेत. फॉन्ट निवडण्यापूर्वी ‘दुसऱ्या, तऱ्हा, उद्ध्वस्त, चिठ्ठी, ब्राह्मी, हृदय, रुपया, रूप, कॅलेंडर, ॲप’ अशी एक ओळ टाइप करून छापून पाहा. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र आणि ‘ॲप’मधला ॲ या दोन ठिकाणी फॉन्ट चटकन उघडे पडतात, ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसते.

तिसरी सूचना ओळींबद्दल. इंग्रजीचे नियम देवनागरीला लावू नका. आपल्या अक्षरांना वर मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात, त्यामुळे १२ पॉइंटच्या मजकुराला दोन ओळींमध्ये किमान १७ पॉइंटचे अंतर द्यावे. तुमच्या संस्थेत ज्येष्ठ सभासद बरेच असतील तर अक्षर १३ पॉइंट आणि अंतर १८ ठेवा. शीर्षक पानभर ताणण्यासाठी अक्षरांमधली जागा वाढवण्याची सवय इंग्रजी पोस्टरांवरून आपल्याकडे आली आहे. देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचा कणाच मोडतो. कृपा करून ते करू नका.

छायाचित्रांबाबत मी थोडक्यात सांगते. छपाईसाठी एका इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे पानावर सात इंच रुंद छापायचे चित्र किमान २,१०० पिक्सेल रुंद असले पाहिजे. आजच्या फोनने काढलेल्या मूळ छायाचित्राला हे सहज जमते. तेच व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीने आले की आकसते. सभासदांना आणि जाहिरातदारांना पहिल्याच निवेदनात सांगा की छायाचित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ईमेलने पाठवावे. जुन्या कागदी छायाचित्रांचे फोनने फोटो काढू नका, ती स्कॅन करून घ्या. इंटरनेटवरून उचललेली चित्रे वापरू नका. ती कोणाच्या तरी मालकीची असतात. आणि सभासदांचे मोबाइल क्रमांक, जन्मतारखा किंवा मुलांचे फोटो छापायचे असतील तर प्रत्येकाची संमती लेखी घ्या, कारण स्मरणिका इमारतीबाहेर जाहिरातदारांच्या हातीही जाते.

आता काकांविषयी. तुम्ही लिहिता की त्यांचे काम आपण हिरावतो आहोत, याने तुम्हाला झोप लागत नाही. तुमची भावना मला मोलाची वाटते, पण तिच्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. काकांना काम द्यावे ते दया म्हणून नव्हे. पानांची संख्या चारच्या पटीत का असावी, सेंटर पिन मारलेल्या अंकात मधल्या पानांचा कडेचा समास कापणीत का कमी होतो, रंग कागदाच्या कडेपर्यंत न्यायचा असेल तर तो कापणीच्या रेषेबाहेर तीन मिलिमीटर का वाढवावा लागतो, काळा मजकूर फक्त काळ्या शाईतच का ठेवावा, आणि छापखानेवाला ‘फाइल कर्व्ह करून आणा’ (म्हणजे अक्षरांचे रूपांतर नुसत्या आकारांत करून आणा) म्हणतो तेव्हा कर्व्ह न केलेली प्रत आधी बाजूला का ठेवायची, हे सगळे त्यांच्या हातात आहे. कोणत्याही क्लासमध्ये ते तीन महिन्यांत मिळत नाही. समिती ज्याला खर्च म्हणते, त्यातला बराच भाग या माहितीचा मोबदला आहे.

आणि समिती ज्याला बचत म्हणते, ती तुमच्या वेळातून होत आहे. हिशेब मांडून पाहा. मांडणी, दुरुस्त्या आणि पुन्हा दुरुस्त्या धरून एका पानाला दीड तास धरला तर ४८ पानांना ७२ तास होतात. शनिवारी चार तास काढले तर १८ शनिवार. तुमच्याकडे पाच महिन्यांत २१-२२ शनिवार आहेत, त्यात सणवार आहेत, घरचे आहे, आणि लेख वेळेवर येणार नाहीत. नोकरी सांभाळून हे काम एकटीने करणे अशक्य नाही, पण ते तुम्ही खुशीने स्वीकारले आहे की ‘तुम्हाला हे येतेच’ या तीन शब्दांपुढे गप्प बसलात, हे तुम्ही स्वतःला विचारावे. तुमच्या पत्राच्या सुरावरून मला दुसरेच वाटते. एखादी गोष्ट येते म्हणून ती फुकट करून देण्याचे बंधन येत नाही, आणि हे समितीच्या बैठकीत शांतपणे सांगण्यात काही वावगे नाही.

माझा सल्ला असा. या आठवड्यात काकांना भेटा आणि सरळ विचारा: युनिकोडमधला, तपासलेला मजकूर आणि योग्य आकाराची छायाचित्रे मी हातात दिली, मुखपृष्ठ मी केले, तर आतली पाने लावून छापखान्यापर्यंत नेण्याचे तुम्ही किती घ्याल, आणि युनिकोड तुम्ही कशात घ्याल? टायपिंगचे काम वजा झाल्यामुळे त्यांचा दर बहुधा कमी होईल. तो आकडा ७२ तासांच्या हिशेबाशेजारी लिहून समितीपुढे ठेवा. जाहिराती, छायाचित्रे आणि मुद्रितशोधन यांसाठी प्रत्येकी एक नाव त्याच बैठकीत इतिवृत्तात लिहून घ्या. समितीने तरीही नकार दिला, किंवा काकांना युनिकोड घेणे जमत नसेल, किंवा हे सगळे ऐकूनही तुमच्या मनात ही स्मरणिका आपल्या हातांनी लावण्याची इच्छा असेल (ती असू शकते, आणि तसे असेल तर मला आनंदच होईल), तर स्क्रायबस घ्या. मात्र ४८ पानांना हात घालण्याआधी फक्त चार पाने लावा: लांब लेखाची दोन, एक छायाचित्रांचे पान आणि एक जाहिरातींचे. ती पीडीएफ करून छापखान्यात दाखवा आणि तेथून होकार आला तरच पुढे जा. त्या परिस्थितीतही काकांना शेवटची फाइल तपासण्याचे काम मोबदला ठरवून द्यावे, असे मला वाटते.

क्लासबद्दल: पैसे भरण्यापूर्वी तेथे कोणती आवृत्ती शिकवतात, युनिकोड मराठीचे काम करून घेतात का आणि छापखान्याला द्यायची पीडीएफ शिकवतात का, एवढे विचारा. तीनही उत्तरे ठाम ‘हो’ नसतील तर तो वेळ आणि ते पैसे वाचवा. त्याऐवजी एखाद्या शनिवारी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन बसा. १८९३ पासूनची ती संस्था आहे, आणि जुने मराठी अंक पाहायचे तर ठाण्यात मला दुसरी जागा सुचत नाही. बरोबर पट्टी न्या. समास किती सोडले आहेत, एका ओळीत साधारण किती शब्द आहेत, शीर्षकाच्या वर आणि खाली किती जागा आहे, हे मोजून वहीत लिहा. चांगले वाटणारे एक पान निवडून त्याच मापाने तुमच्या पहिल्या अध्यक्षांच्या लेखाचे एक पान लावा, घरच्या प्रिंटरवर काढा आणि इमारतीतील सत्तरी ओलांडलेल्या तिघांना संध्याकाळच्या दिव्याखाली वाचायला द्या. ते कोठे अडखळतात तेथे खूण करा. काकांकडे जाताना तो कागद बरोबर असू द्या.

तुमची,
सदरलेखिका

(या सदरात पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील बदललेले असतात.)